स्तनग्रंथीतली होएक्स्ट-मंद शेपटी स्टेम सेलची आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न व्यालेल्या उंदीर-माद्यांच्या स्तनग्रंथीतल्या पेशी सुट्या करून, होएक्स्ट ३३३४२ या रंगाने रंगवून साइड पॉप्युलेशन, म्हणजे एसपी, शोधायची आहे: रंग बाहेर टाकणाऱ्या आणि म्हणून फ्लो सायटोमीटरच्या प्लॉटवर मंद शेपटीसारख्या दिसणाऱ्या पेशी. एका दिवशी एसपी ४ टक्क्यांवर जाते, दुसऱ्या दिवशी ०.३ टक्क्यावर येते. रंग बाहेर टाकणारे पंप बंद करणारं वेरापामिल घातलं तरी शेपटी पूर्ण जात नाही. आणि शेवटी विचारलंय की या पेशी सॉर्ट केल्या, म्हणजे वेगळ्या काढल्या, तर त्यांना स्तनग्रंथीच्या स्टेम सेल, म्हणजे अख्खी ग्रंथी उभी करू शकणाऱ्या मूळ पेशी, म्हणता येईल का.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. पहिला: प्लॉटवर दिसणारी शेपटी खरी आहे का, की नुसता कचरा आहे? दुसरा: शेपटी खरी असली तरी तिच्यातल्या पेशी स्टेम सेल आहेत का? पहिल्याचं उत्तर रंगवण्याच्या कामातच मिळतं आणि तुमची बहुतेक अडचण तिथलीच दिसते. दुसऱ्याचं उत्तर कुठलाही रंग देऊ शकत नाही. ते प्रत्यारोपणातूनच येतं.

होएक्स्ट पेशीत आपसूक शिरतो आणि डीएनएला चिकटतो. काही पेशींच्या पटलावर एबीसी जातीचे पंप असतात. उंदरात त्यातला मुख्य बीसीआरपी१, म्हणजे एबीसीजी२, आणि जोडीला एमडीआर१. हे पंप एटीपी खर्चून रंग बाहेर टाकतात. भोक पडलेल्या होडीतून पाणी उपसावं तसं हे आहे: आत किती पाणी दिसेल ते भोक केवढं, उपसण्याचा वेग किती आणि तुम्ही कोणत्या क्षणी पाहिलं या तिन्हींवर ठरतं. म्हणून एसपीची टक्केवारी हा त्या ऊतीचा ठरलेला गुणधर्म नव्हे. एका विशिष्ट मात्रेला, विशिष्ट तापमानाला, विशिष्ट मिनिटाला घेतलेलं ते मोजमाप आहे. सीडी२४ सारख्या पृष्ठभागावरच्या खुणेची अँटिबॉडी थोडी जास्त पडली तर फारसं बिघडत नाही. होएक्स्ट थोडा कमी पडला तर शेपटी दुप्पट होते. तुमच्या ४ आणि ०.३ मधला फरक बहुधा इथूनच येतोय, माद्यांमधून नव्हे.

आता क्रमाने. सुरुवात ग्रंथी काढण्यापासून, कारण निम्मी एसपी तिथेच बिघडते.

८ ते १२ आठवड्यांच्या माद्या घ्या आणि त्या गाभण नाहीत याची खात्री करा. ही औपचारिकता नाही. गाभणपणात आणि दुभतेपणात ग्रंथीच्या स्रावी पेशींमध्ये एबीसीजी२ भरपूर वाढतो. उंदीर, गाय आणि माणूस, तिन्हींत हे दिसलेलं आहे आणि दुधात औषधं उतरतात त्यामागे हाच पंप आहे. म्हणजे दुभत्या ग्रंथीत दूध बनवणारी पूर्ण परिपक्व पेशीही होएक्स्ट बाहेर फेकू शकते. एखादी मादी चुकून गाभण निघाली की तुमची ‘स्टेम सेल’ वाढलेली दिसणार. ऋतुचक्राचाही परिणाम आहे. २०१० साली आलेल्या कामांतून दिसलं की प्रोजेस्टेरॉन चढलेलं असताना, चक्राच्या डायइस्ट्रस टप्प्यात, प्रत्यारोपणात उगवणाऱ्या पेशी कित्येक पटींनी वाढतात. योनीस्राव पाहून टप्पा ठरवा, किंवा ते जमत नसेल तर दर खेपेला चार-पाच माद्यांच्या ग्रंथी एकत्र करा, म्हणजे फरक सरासरीत विरून जाईल. एकेका मादीवर वेगळा प्रयोग करून टक्केवारीची तुलना करत बसू नका.

चौथी, जांघेतली ग्रंथी घ्यायची आणि तिच्यातली लसिका गाठ आधी काढायची. चरबीच्या गादीत तीन रक्तवाहिन्या जिथे मिळतात तिथे पिवळट-करडा, वाटाण्याहून बराच लहान गोळा दिसतो, तीच ती. ती राहिली तर नमुन्यात लिम्फोसाइट्सचा पूर येतो. या लहान, गोल पेशी प्लॉटवर फार नीट दिसतात आणि त्यामुळेच फसवतात.

ऊती कात्रीने किंवा दोन स्काल्पेलनी पेस्टसारखी होईपर्यंत बारीक करा. पचवायला कोलॅजिनेज ३०० युनिट आणि हायल्युरोनिडेज १०० युनिट प्रति मिलि, ३७ अंशांवर, हलवत ठेवून. किती वेळ, ते एन्झाइमच्या लॉटवर आणि तुकड्यांच्या बारीकपणावर आहे. दोन तासांत होतं, काहींना सहा-सात लागतात. मी घड्याळापेक्षा नळीकडे पाहायला सांगेन: तुकडे दिसेनासे झाले, वर चरबीचा थर आला, आणि मायक्रोस्कोपखाली द्राक्षाच्या घडासारखे ऑर्गनॉइड सुटे दिसले की थांबायचं. नंतर लाल पेशी अमोनियम क्लोराइडने फोडा, ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये एक-दोन मिनिटं पिपेटने हलवा, धुवा, मग डिस्पेज ५ मिग्रॅ प्रति मिलि आणि डीएनेज ०.१ मिग्रॅ प्रति मिलि मध्ये मिनिटभर. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. ट्रिप्सिनमध्ये चिकट, शेंबडासारखे तंतू दिसले तर ते मेलेल्या पेशींचं डीएनए आहे. तेव्हा पिपेट जोरात मारू नका, डीएनेज घाला. ते तंतू होएक्स्ट शोषतात आणि पेशींचे गठ्ठेही बांधतात.

इथे थांबून पेशी मोजा, आणि मोजणी खरी करा. ट्रायपॅन ब्लू घालून हिमोसायटोमीटरवर, केंद्रक असलेल्याच पेशी मोजा. चरबीचे थेंब ऑटोमॅटिक काउंटरला पेशीच वाटतात, आणि स्तनग्रंथीच्या नमुन्यात ते नेहमी असतात. जिवंतपणा ८० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या दिवशी एसपी करू नये असं माझं मत आहे. मेलेल्या पेशी नंतर गेटने, म्हणजे प्लॉटवर आखलेल्या चौकटीने, वगळता येतात हे खरं, पण मरायला टेकलेल्या पेशींचे पंप आधीच थकलेले असतात, आणि त्या वगळता येत नाहीत.

रंगवण्यासाठी माध्यम डीएमईएम, त्यात २ टक्के सीरम आणि १० मिलिमोलर हेपेस. ते आधीच ३७ अंशांवर गरम असायला हवं. पेशी मिलिलिटरला दहा लाख. होएक्स्टचा साठा पाण्यात १ मिग्रॅ प्रति मिलि, गाळून, छोट्या भागांत, उणे २० वर, फॉइलमध्ये. एकदा वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही. फॉस्फेट बफरमध्ये गाढा साठा बनवू नका, रंग खाली बसतो आणि तुम्हाला कळतही नाही. १ मिलि पेशींना ५ मायक्रोलिटर साठा घातला की मात्रा ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि होते. सुरुवात तिथून करा, ९० मिनिटं. हे आकडे १९९६ साली गुडेल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अस्थिमज्जेसाठी बसवलेले आहेत. स्तनग्रंथीला ते जसेच्या तसे लागू पडतील असं गृहीत धरू नका. पेशी मोठ्या आहेत, आकार सारखे नाहीत, आणि प्रयोगशाळेगणिक रंगाचा लॉट वेगळा असतो.

म्हणून एक दिवस फक्त मात्रा बसवण्यावर घालवा. २.५, ५, ७.५ आणि १० मायक्रोग्रॅम, प्रत्येकी ६० आणि ९० मिनिटं, आणि प्रत्येक नळीच्या जोडीला पंप बंद केलेली नळी. या सोळा नळ्यांना पेशी बऱ्याच लागतात, तेव्हा माद्या एकत्र करा किंवा नळीत अर्धा मिलिच घ्या, पण दहा लाखांचं प्रमाण तेच ठेवा. निवड करायची ती शेपटी सर्वांत मोठी दिसते त्या नळीची नव्हे. जिथे जी१ चा, म्हणजे डीएनए अजून दुप्पट न झालेल्या पेशींचा, गठ्ठा घट्ट आहे, त्याच्यापासून वर-उजवीकडे एस आणि जी२-एम ची, म्हणजे विभागणीच्या वाटेवरच्या पेशींची, फांदी वेगळी दिसते, आणि उघड्या व बंद नळीतला फरक सर्वांत स्पष्ट आहे, ती मात्रा घ्यायची. जी१ पसरट असेल, ढगासारखा, तर रंग अजून पुरेसा आत गेलेलाच नाही. तिथे खालच्या डाव्या अंगाला जे लोंबतं ते एसपी नव्हे, ते अर्धवट रंगलेलं सगळंच आहे. तुमचा ४ टक्क्यांचा दिवस बहुधा असा असावा. उलट मात्रा जास्त झाली की पंप हरतात, खरी एसपीही मुख्य गठ्ठ्यात ओढली जाते आणि ०.३ उरतं. शिवाय जास्त होएक्स्ट पेशींना मारतो.

तापमानाबद्दल थोडं जास्तच सांगतो, कारण हवं तसं लक्ष कुणी देत नाही. इन्क्युबेटरमध्ये नळी ठेवू नका. हवेतून उष्णता हळू जाते, आतलं द्रव ३७ ला पोचायलाच बराच वेळ जातो. वॉटर बाथ वापरा, त्यात वेगळा थर्मामीटर टाकून खात्री करा, डिस्प्लेवर विश्वास नको. पाण्याची पातळी नळीतल्या द्रवाच्या वर हवी. दर पंधरा-वीस मिनिटांनी नळी हलकेच उलटीसुलटी करा, कारण स्तनग्रंथीच्या पेशी तळाला बसतात आणि तिथे त्यांना रंग कमी मिळतो. वेळ संपली की नळी थेट बर्फात. सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर आधीच गार केलेला हवा. पुढचं सगळं, अँटिबॉडी, गाळणं, सॉर्टरवर वाट पाहणं, बर्फातच. खोलीच्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटं गेली तरी पंप पुन्हा चालू होतात, बाहेर आता रंग नसतो, आणि साधारण पेशीही फिकट होत जातात. एकामागून एक नळ्या वाचताना शेवटच्या नळीची एसपी नेहमी जास्त येत असेल तर कारण हेच समजा.

आता वेरापामिल. शेपटी त्याने पूर्ण जात नाही यामागे तीन शक्यता आहेत.

पहिली आणि सर्वांत जास्त वेळा आढळणारी: शेपटीत ज्या गोष्टी आहेत त्यांना मुळात पंपच नाहीत. लाल पेशींना केंद्रक नसतं, म्हणून त्या रंगतच नाहीत. पेशींचे तुकडे, दुधाचे-चरबीचे थेंब, डीएनए गळून गेलेल्या मरणाऱ्या पेशी, सगळे मंदच दिसतात. पंप बंद करा नाहीतर उघडा ठेवा, ते जागचे हलत नाहीत. प्लॉटकडे बारकाईने पाहिलं तर फरक दिसतो. निळा प्रकाश उभ्या अक्षावर, लाल आडव्या अक्षावर, दोन्ही रेषीय प्रमाणात ठेवलेत तर कचरा आरंभबिंदूच्या कोपऱ्यात गोळा होतो. खरी एसपी तिथपर्यंत पोचत नाही. ती जी१ च्या डाव्या कुशीतून निघते, आधी डावीकडे झुकते आणि मग खाली उतरते, कारण रंग कमी होत जातो तसा लाल भाग निळ्यापेक्षा आधी गळतो. जी१ पासून आरंभबिंदूकडे सरळ रेघेत उतरणारी धूळ दिसली तर ती शेपटी समजू नका. हे वळण दिसावं म्हणून जी१ चा गठ्ठा व्होल्टेजने प्लॉटच्या मध्यावर, किंचित वर-उजवीकडे, आणून ठेवायचा. तो कोपऱ्यात दडपलेला असला तर वळण दिसतच नाही. टेर११९ ची अँटिबॉडी लावून लाल पेशी वगळा आणि मग तीच शेपटी पुन्हा पाहा.

दुसरी शक्यता: वेरापामिल पुरतं नाही. पंपांपैकी ते मुख्यतः एमडीआर१ ला रोखतं. उंदराच्या अस्थिमज्जेतली एसपी जवळजवळ पूर्णपणे बीसीआरपी१ वर अवलंबून असते. स्तनग्रंथीत मात्र बीसीआरपी१ आणि एमडीआर१ दोन्हींचा वाटा आहे, आणि बीसीआरपी१ आणि एमडीआर१ ची दोन (१ए, १बी), अशी तिन्ही जनुकं काढलेल्या उंदरांतच तिथली एसपी जवळपास नाहीशी होते. तेव्हा एकच रोधक पुरेसा मानू नका. वेरापामिल ५० मायक्रोमोलर, म्हणजे ५ मिलिमोलर साठ्यातून मिलिलिटरला १० मायक्रोलिटर. एबीसीजी२ साठी केओ१४३, १ मायक्रोमोलर. एक नळी फक्त वेरापामिलची, एक फक्त केओ१४३ ची, एक दोन्हींची. दोन्हींच्या नळीतही जे उरतं ते तुमच्या एसपीतून वजा करायचं. आणि ज्यात रोधक विरघळवलाय ते अल्कोहोल किंवा डीएमएसओ तेवढंच उघड्या नळीतही घालायचं, नाहीतर तुलना लंगडी राहते.

तिसरी: रोधक उशिरा घातला गेला. तो होएक्स्टच्या आधी दहा-पंधरा मिनिटं, ३७ अंशांवर पेशींबरोबर हवा, आणि नंतरच्या गार बफरमध्येही हवा. धुताना काढून टाकलात आणि नळी जराशी गरम झाली की त्याचा परिणाम गेला.

गेट नेहमी बंद नळीवर आखा. तिथे शेपटीच्या जागेत जवळजवळ काही नाही अशी चौकट काढा, आणि तीच न हलवता उघड्या नळीवर ठेवा. उघड्या नळीवर डोळ्याला बरी वाटेल अशी चौकट काढणं म्हणजे उत्तर आधी ठरवून गणित मांडणं. नळीतून किती पेशी वाचायच्या? एसपी अर्धा टक्का धरली तर १ लाख जिवंत, एकल पेशींमधून ५०० मिळतात. एवढ्याला मोजणीतली नैसर्गिक चढउतार साडेचार टक्क्यांच्या आसपास येते, ती चालेल. २० हजार वाचून १०० पेशींवर निष्कर्ष काढू नका.

यंत्राबद्दल. होएक्स्टला अतिनील लेझर लागतो, ३५५ नॅनोमीटरचा. निळ्यासाठी ४५०/५० फिल्टर, लालसाठी ६७० च्या आसपासचा, मध्ये प्रकाश विभागणारा ६१० च्या जवळचा डायक्रोइक आरसा. प्रवाह सर्वांत मंद ठेवा. वेगाने सोडलं की पेशींचा प्रवाह जाड होतो, प्रत्येक पेशीवर सारखा प्रकाश पडत नाही, आणि जी१ पसरतो. डबलेट, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी, वगळायला पल्सची रुंदी पाहा. स्तनग्रंथीच्या पेशी चिकट असतात, हे गेट इथे सोडून चालत नाही. मेलेल्या पेशींसाठी प्रोपिडियम आयोडाइड २ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, वाचण्याच्या जरा आधी. त्या लाल अक्षावर पार उजवीकडे फेकल्या जातात.

तुमच्याकडे अतिनील लेझर नसेल, फक्त ४०५ चा जांभळा असेल, तर होएक्स्टशी झुंजत बसू नका. त्या लेझरवर होएक्स्ट उजळतो खरा, पण शेपटी अस्पष्ट राहते. डायसायकल व्हायोलेट नावाचा रंग त्यासाठीच आहे, तोही एबीसीजी२ बाहेर टाकतो. १० मायक्रोमोलर, ९० मिनिटांपासून सुरुवात करा आणि वरच्याच पद्धतीने मात्रा बसवा. एकच सावधगिरी: एका रंगाचे टक्के दुसऱ्याच्या टक्क्यांशी ताडून पाहू नका.

अजून एक सोपी चाचणी, जी बरेच जण करत नाहीत. त्याच उंदराच्या मांडीच्या हाडातली मज्जा काढून त्याच दिवशी, त्याच साठ्याने, त्याच वॉटर बाथमध्ये रंगवा. मज्जेची एसपी ०.०५ टक्क्याच्या आसपास असते, लहान पण अगदी नेटकी, आणि रोधकाने पुसून गेल्यासारखी जाते. ती दिसली नाही तर दोष रंगात, तापमानात किंवा लेझरमध्ये आहे, ग्रंथीत शोधत बसायचं कारण नाही. ती नीट दिसली आणि स्तनग्रंथीची बिघडली, तर पेशी सुट्या करण्यात गडबड आहे. अर्धा दिवस वाचतो.

एवढं करून खरी, रोधकाने जाणारी शेपटी हाती आली, तर पुढचा प्रश्न ती कोणाची आहे. रक्तकुळातल्या आणि केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवरही एबीसीजी२ असतो. म्हणून सीडी४५ (रक्तकुळ), सीडी३१ (वाहिन्यांचं अस्तर) आणि टेर११९ (लाल पेशी) या खुणांच्या पेशी वगळल्याशिवाय स्तनग्रंथीच्या एसपीबद्दल बोलूच नये. हे वगळल्यावर टक्केवारी निम्म्याहून खाली आली तर दचकू नका. उरलेल्यांवर ग्रंथीच्या थरांच्या खुणा, म्हणजे सीडी२४ आणि सीडी४९एफ किंवा सीडी२९, लावा. अँटिबॉडी एफआयटीसी, पीई, एपीसी यांना जोडलेल्या घ्या. जांभळ्या लेझरवरचे रंग टाळा, तिथे होएक्स्ट भरून राहिलेला असतो. ट्रिप्सिनने काही खुणा कापल्या जातात, तेव्हा खूण दिसत नाही म्हणजे पेशीवर ती नाहीच, असं लगेच धरू नका.

आता खरा मुद्दा. २००२-०३ च्या सुमारास स्तनग्रंथीची एसपी पहिल्यांदा वर्णन झाली तेव्हा ती स्टेम सेलचीच असेल अशी मोठी आशा होती, कारण मज्जेत तसं निघालं होतं. २००६ साली ‘नेचर’मध्ये दोन गटांची कामं आली, शॅकल्टन यांचं आणि स्टिंगल यांचं. त्यांनी पृष्ठभागावरच्या खुणांवरून पेशी निवडल्या आणि प्रत्यारोपणात अख्खी ग्रंथी उभी करणारी क्षमता बेसल, म्हणजे नलिकांच्या बाहेरच्या थराच्या, गटात सापडली: सीडी२४ असलेल्या आणि सीडी२९ किंवा सीडी४९एफ भरपूर असलेल्या पेशींत. शॅकल्टन यांच्या कामात त्या गटातल्या ६४ पेशींमागे एक ग्रंथी उगवणारी निघाली. हे यश रंगाच्या शेपटीवरून मिळालेलं नाही. त्यानंतर स्तनग्रंथीसाठी एसपी एकटी पुरावा म्हणून चालत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तुमची एसपी सीडी२४-सीडी४९एफ च्या प्लॉटवर मांडून पाहा. ती बेसल गटात न पडता ल्युमिनल, म्हणजे आतल्या थराच्या, बाजूला पसरलेली दिसली तर तुमच्या हातात बहुधा ल्युमिनल पूर्वज पेशी किंवा पंप चालू असलेल्या साध्या पेशी आहेत. तेही उपयोगाचंच आहे, फक्त नाव वेगळं.

प्रत्यारोपणाचा साचा १९५९ पासून तोच आहे. ३ आठवड्यांच्या मादीत चौथ्या चरबीच्या गादीतला ग्रंथीचा अंकुर अजून लसिका गाठीपलीकडे गेलेला नसतो. स्तनाग्रापासून गाठीपर्यंतचा भाग कापून टाकला की उरलेली गादी रिकामी. त्यात १० मायक्रोलिटरमध्ये पेशी, त्यातला चौथा हिस्सा ते निम्मा मॅट्रिजेल, म्हणजे पेशींना आधार देणारं जेल. आठ आठवड्यांनी गादी काढून, पसरून, कारमाइन अॅलमने रंगवून पाहायची. कापलेला भागही रंगवून पाहा, कडेला अंकुर राहून गेला नव्हता याची खात्री त्यानेच होते. पेशी पातळ करत जायच्या, ५०, २००, १०००, ५००० अशा, दर पायरीला आठ-दहा गाद्या, आणि किती गाद्यांत उगवलं त्यावरून मर्यादित-पातळीकरणाचं गणित. एक शंभर पेशींची खेप उगवली म्हणून काही सिद्ध होत नाही. उगवलेली ग्रंथी पुन्हा सुटी करून दुसऱ्या मादीत उगवते का, हेही पाहावं लागतं.

इथे एक सापळा आहे आणि तो एसपीच्याच स्वभावात आहे. होएक्स्ट डीएनएला चिकटलेला आणि वर अतिनील प्रकाश, म्हणजे पेशीला इजा. ज्या पेशी रंग बाहेर टाकतात त्यांना इजा कमी, ज्या रंगाने भरलेल्या राहतात त्यांना जास्त. एसपी उगवली आणि उरलेल्या उगवल्या नाहीत, तर यातली किती क्षमता एसपीची आणि किती मार दुसऱ्यांना बसलेला, हे सांगता येत नाही. म्हणून आणखी दोन गट ठेवा: सीडी२४-सीडी४९एफ भरपूर असलेला बेसल गट, एकदा होएक्स्ट रंगवून आणि एकदा न रंगवता. दोन्हींची उगवण सारखी आली तर तुमच्या मात्रेने नुकसान होत नाही असं म्हणता येईल. रंगवलेला गट मागे पडला तर मात्रा कमी करा किंवा लेझरची शक्ती उतरवा, आणि तोवर एसपीच्या उगवणीवर काही लिहू नका.

कुणीतरी अल्डेफ्लुअर सुचवेल, म्हणून तेही. ती चाचणी पंपाची नव्हे, अल्डिहाइड डिहायड्रोजिनेजची आहे, रोधक डीईएबी. २००७ साली मानवी स्तनाच्या पेशींत ती गाजली. पुढच्या कामांत मात्र हे एन्झाइम ल्युमिनल पूर्वज पेशींत जोरात असतं असं दिसलं. आणि गंमत म्हणजे तिचा चमकणारा पदार्थही एबीसी पंप बाहेर फेकतात, म्हणूनच तिच्या बफरमध्ये पंपरोधक घातलेला असतो. बफर बदलून आपला वापरलात तर तुम्ही नकळत पुन्हा एसपीच मोजत बसाल. पीकेएच२६ हा रंग वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो पटलात बसतो, पेशी विभागली की निम्मा होतो, आणि जी क्वचितच विभागते ती उजळ राहते. ते ‘कमी विभागणारी’ सांगतं, ‘स्टेम’ नव्हे. परिपक्व, थांबलेली पेशीही उजळच राहते.

मानवी ऊती असेल तर अजून एक अडचण येते: पचवायला रात्रभर लागतो, आणि रात्रभराच्या संवर्धनात पंपांची पातळीही बदलू शकते. तिथे ताज्या आणि रात्रभर पचवलेल्या नमुन्यांची तुलना न करता टक्केवारी छापू नये. खुणाही वेगळ्या, ईपीकॅम आणि सीडी४९एफ, आणि कसोटीसाठी प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर लागतो.

स्टेम म्हणजे नक्की काय हे तुमच्या मार्गदर्शकांशी आधी ठरवून घ्या. प्रत्यारोपणात बेसल पेशी दोन्ही वंश तयार करते. पण पेशी जागेवरच खूण करून माग काढला तर, २०११ च्या कामाप्रमाणे, जन्मानंतर बेसल बेसलच देते आणि ल्युमिनल ल्युमिनलच. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने दोन्ही देणाऱ्या पेशीही दाखवल्या. वाद मिटलेला नाही. म्हणून शोधनिबंधात किंवा प्रगती अहवालात ‘स्तनग्रंथीच्या स्टेम सेल’ असं न लिहिता ‘सीडी४५, सीडी३१, टेर११९ नसलेला, वेरापामिल व केओ१४३ ने नाहीसा होणारा होएक्स्ट-मंद गट’ असं लिहा. लांबलचक आहे, पण परीक्षक त्यावर बोट ठेवू शकत नाही. प्रत्यारोपणाचे आकडे आले की मग ‘संभाव्य’ शब्द लावा.

पुढच्या खेपेला मी हा क्रम ठेवेन: मज्जेची नळी, टेर११९-सीडी४५-सीडी३१ लावलेली स्तनग्रंथी, दोन्ही रोधकांची नळी. तिन्ही एकाच दिवशी, एकाच साठ्यातून. त्या तीन प्लॉटवर जी१ चा गठ्ठा एकाच जागी आला आणि शेपटी फक्त रोधकाच्या नळीत नाहीशी झाली, तर तुमची टक्केवारी ४ आणि ०.३ मध्ये हेलकावे खाणं थांबायला हवं. तरीही थांबलं नाही, तर पहिल्यांदा होएक्स्टची बाटली बदला.